आपली शिक्षा आणि दिल्लीची शिक्षा

पोस्टर दिल्लीहून रेल्वे पार्सलने आले. जाड कागद, चार रंग, आणि खालच्या बाजूला चार बोटे रुंदीची कोरी पट्टी. चित्र एवढेच होते: पाटी मांडीवर घेऊन बसलेले एक मूल आणि त्याच्या डोक्यावर वरून आलेला एक मोठा हात. चित्रकार परदेशातला होता. तो हात मुलावर सावली धरणारा आहे, असा खुलासा सोबतच्या पत्रात होता. खालच्या कोऱ्या पट्टीवर प्रत्येक राज्याने आपापल्या भाषेत मजकूर छापून घ्यायचा होता.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. शहराचे नाव तेव्हा औरंगाबादच होते आणि मी तिथल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. यंत्रावर इंग्रजीत येणाऱ्या बातम्या मराठीत करणे हे माझे रोजचे काम. जगातल्या बहुतेक देशांनी मुलांच्या हक्कांचा एक करार मान्य केला होता आणि आपल्या देशानेही नुकताच त्याला होकार दिला होता. ती बातमी माझ्याच हातून गेली होती. घरात असो की शाळेत, मुलाच्या शरीराला किंवा मनाला इजा होईल असे वागण्यापासून त्याला वाचवणे ही सरकारांची जबाबदारी, असा त्यातला एक भाग होता. बातमी पाचव्या पानावर दोन परिच्छेदांत बसली. पहिल्या पानावर त्या दिवशी जायकवाडीच्या पाण्याचा वाद होता.

हा करार गावोगावच्या शाळांपर्यंत न्यावा म्हणून एका संस्थेने ती पोस्टरे काढली होती. मराठवाड्यापुरता मजकूर आमच्या छापखान्याने छापून द्यायचा असे ठरले, आणि मराठी करण्याचे काम संपादकांनी माझ्याकडे दिले. मूळ ओळ हिंदीत होती: ‘हर बच्चे को शिक्षा, हिंसा से रक्षा.’

मी पाने लावता लावता पाच मिनिटांत तिचे मराठी केले. ‘प्रत्येक मुलाला शिक्षा, हिंसेपासून रक्षा.’ यमक जसेच्या तसे राहिले, याचे मला समाधान वाटले होते हेही नोंदवले पाहिजे.

हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीतली शिक्षा म्हणजे शिक्षाच. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण या शहरात सकाळी भाजीवाल्यापासून संध्याकाळी रिक्षावाल्यापर्यंत हिंदी आणि दखनी कानावर पडत असते. दोन भाषांचे शब्द डोक्यात एकाच फडताळात पडलेले असतात. घाईत हात घातला की जो लागेल तो बाहेर येतो. हे कारण झाले, सबब नव्हे. असे शब्द पकडण्यासाठीच मला तिथे बसवले होते.

एका माणसाने तो पकडला होता. आमच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. पन्नाशी ओलांडलेली, दाढी पांढरी, बोटे शाईने कायमची काळी. पोस्टरसारखी फुटकळ कामे अजून त्यांच्याच हाताने जुळवली जात. प्रूफ घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

“ताई, ये शिक्षा कौनसी है? अपनी वाली, की दिल्लीवाली?”

“चाचा, यमक बघा ना कसं जुळलंय,” मी म्हणाले. “उद्या सकाळी पार्सलं निघायचीत.”

“हौ, जुडता तो है,” ते म्हणाले. त्यांनी निळ्या पेन्सिलीने समासात एक बारीक प्रश्नचिन्ह काढले होते. मी त्याच्या शेजारी सही केली.

पोस्टरे दिवाळीच्या सुट्टीआधी शाळांना पोचली. दिवाळीनंतर महिनाभराने एका दुपारी एसटीतून आलेल्या पाकिटांचा गठ्ठा माझ्यासमोर पडला. तालुक्यांचे वार्ताहर तेव्हा आपली बातमी कंडक्टरच्या हाती देत आणि आमचा शिपाई ती बसस्थानकावरून आणत असे. पिशोरचे वार्ताहर कापडाचे दुकान चालवत. त्यांचे अक्षर वळणदार आणि वाक्ये लांब असत. त्या दिवशीची बातमी मात्र छोटी होती. जवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत नवा सरकारी फलक लागला आहे, त्यावर प्रत्येक मुलाला शिक्षा करण्याचा आदेश आहे, आणि तो वाचून घाबरलेल्या चौथीतल्या एका मुलीने शाळा सोडली आहे. शेवटी नेहमीप्रमाणे: पालकवर्गात नाराजी.

मी ती दोनदा वाचली आणि मुख्य उपसंपादकांसमोर ठेवली.

“फलक कुणाचा?” त्यांनी विचारले.

“आपला.”

“म्हणजे?”

“मजकूर मी केलाय. सही माझी आहे.”

त्यांनी चष्मा काढला, ओळ मोठ्याने वाचली आणि हसले. मग हसायचे थांबले. “किती गावांत गेलंय हे?”

“सगळ्या जिल्ह्यांत.”

“उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन या. बातमी काही पळून जात नाही. पोरगी जाईल.”

मी छापखान्यात जाऊन चाचांना सांगितले. मी म्हणालो होतो ना, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी खिळ्यांचा खाना ओढला आणि ‘शिक्षण’ हा शब्द त्याच उंचीच्या टायपात जुळवायला घेतला. त्याच्या चिठ्ठ्या छापायच्या, चुकीच्या शब्दावर चिकटवायला. मी म्हणाले, आता यमक जाणार.

“यमक गया तो गया,” ते म्हणाले. थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाले, “मैं भी आता हूँ कल.”

“तुम्ही कशाला? रजा पडेल.”

“पडू दो.”

पिशोरची गाडी निघाली तेव्हा सकाळचे गार वारे होते. चाचा खिडकीशी बसले होते, मांडीवर चिठ्ठ्यांचे पुडके. फुलंब्री मागे पडल्यावर त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. त्यांचे बोलणे अर्धे मराठी, अर्धे दखनी असे. मी ते आठवते तसे देते.

लहानपणी ते लासूर स्टेशनला राहत. वडील बाजारात पोती वाहत. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आधी शाळा उर्दूत होती, मग मराठीत झाली. नवे मास्तर आले. पोराने महिन्या-दीड महिन्यात बरेच शब्द गोळा केले. तालीम म्हणजे शिक्षण, हे त्याला आले होते.

“एक दिवस मी पाढा म्हणताना अडकलो. मास्तर बोले, तुला शिक्षा मिळणार. मला वाटलं, शिक्षण मोठ्यांचं, शिक्षा ल्हान्यांची. छोटी तालीम. हात पुढं कर म्हणाले. मैंने किया. मला वाटलं किताब देतायत.”

ते हसले. “पहिली पट्टी बसली तरी मी हसतच होतो. मास्तरला वाटलं, पोरगं निगरगट्ट आहे. फिर और मारे.”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी बी नाही. कुणी बोलवायला आलं नाही. मग इथं शहरात मामूकडे आलो, छापखान्यात लागलो. खिळे जुळवता जुळवता मराठी आली. सगळी आली. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा.”

“म्हणून त्या दिवशी विचारलंत?”

“हौ.”

“मग जोर देऊन का नाही सांगितलंत?”

“ताई, आप पढे-लिखे. मैं खिळेवाला.”

पिशोर येईपर्यंत मी छापलेली ती ओळ मनात पुन्हा पुन्हा वाचत होते.

वार्ताहर स्थानकावर आले होते. त्यांनी वस्तीची वाट दाखवली. शाळा दोन खोल्यांची होती, पैकी एका खोलीत गवत भरलेले. दुसरीत चार इयत्ता आणि एक गुरुजी. गुरुजी शेजारच्या गावाहून सायकलने येत. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला टोपी. आम्ही वर्तमानपत्रातून आलो म्हटल्यावर त्यांनी आधी आमच्यासाठी चहा मागवला आणि मग स्वतःची बाजू मांडली.

“आवो बाई, म्या काय केलं? वरून आलं, लावलं. लावलं नाय तर नोटीस.”

पोस्टर फळ्याच्या शेजारी होते. पाटी घेतलेल्या मुलाच्या डोक्यावरचा तो हात, खाली ‘प्रत्येक मुलाला शिक्षा’. शब्दासह पाहिल्यावर तो हात सावली धरणारा दिसत नव्हता. तो आता बसणार, असा दिसत होता.

“मुलीला तुम्ही काय म्हणालात?”

“गंमत केली वो. पोरगी वाचायला लई हुशार. तिलाच म्हनलं, वाच. तिनं खणखणीत वाचलं. वर्ग गपगार. मी म्हनलं, आता समद्यांचा नंबर, कुनाला सुट्टी नाय. पोरं हसली. ती नाय हसली. दुसऱ्या दिवशीपासून आली नाय.”

मी चिठ्ठी काढून दाखवली. त्यांनी ती पोस्टरवरच्या शब्दापुढे धरली आणि कपाळावर हात मारला.

“शिक्षण व्हय! आन् आमी म्हनतोय, सरकारचा काय नेम नाय.” मग माझ्याकडे पाहून, “शाळेचं छप्पर गळलं की तुमी छापता. आता ही चूक कोन छापनार?”

“आम्हीच.”

“बघू बरं,” ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात आम्ही चार ओळी छापल्या, चूक आमची असल्याचे स्पष्ट लिहून.

“पण हे दुसरं काय लिवलंय?” गुरुजी चहाची बशी ठेवत म्हणाले. “हिंसा. हितं कसली हिंसा? मी माळकरी मानूस. अंडंसुदिक खात नाय.”

ते मनापासून बोलत होते. टेबलावर लाकडी फूटपट्टी होती, मधोमध मोडलेली आणि सुतळीने घट्ट बांधलेली. ती कशाने मोडली हे मी विचारले नाही. मागच्या भिंतीशी एक मुलगा अंगठे धरून वाकलेला होता. आम्ही आल्यावर गुरुजींनी त्याला मानेनेच बसायला सांगितले होते.

करारातल्या इंग्रजी शब्दासाठी हिंदी ओळीत हिंसा होते, मीही तेच ठेवले होते आणि त्यात चूक नव्हती. पण आमच्याकडे हिंसा म्हणजे दंगल, बकरे कापणे, रेडिओवरच्या बातम्या. पाठीत धपाटा, कानाला पीळ, कोंबडा करून उभे करणे, याला मारणे म्हणतात, नाहीतर वळण लावणे. जगभरच्या प्रतिनिधींनी एका सभागृहात बसून ज्या गोष्टीविरुद्ध हात वर केले होते, तिला या खोलीत ते नाव नव्हते. पुढे बऱ्याच वर्षांनी आपल्याकडे शाळेत मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी आली. ती बातमीही मी केली. तेव्हा हिंसा हा शब्द मी मथळ्यात घातला नाही. ‘मारणे’ असा साधा शब्द घातला.

गुरुजींना त्या मुलीची खरोखर काळजी होती. “महिना होत आला,” ते म्हणाले. “पुढल्या सोमवारी नाव कमी करावं लागंल, वरून तपासणी हाय. चौथीचं वर्स. परीक्षेला बसली नाय तर पाचवी गेली. आन् एकदा घरी बसलेली पोरगी परत येत नाय, हे मी लई वर्सं बघतोय.”

“तुम्ही बोलवायला गेला होतात?” चाचांनी विचारले. बोलण्यात पहिल्यांदाच ते पडले होते.

“निरोप धाडला होता.”

“निरोप,” चाचा म्हणाले, आणि उठले.

मधल्या सुट्टीत आम्ही तिघे तिच्या घरी निघालो. गुरुजी सायकल हाती धरून चालत होते. घर कापसाच्या शेताच्या बांधावर होते, पत्र्याचे. अंगणात वेचून आणलेल्या कापसाचा ढीग आणि त्यातला पालापाचोळा काढत बसलेली आई. मुलगी दारात उभी होती, कडेवर धाकटा भाऊ. नऊ वर्षांची असेल. आम्हाला पाहून आत गेली नाही आणि पुढेही आली नाही.

“तुमीच का त्या पेपरवाल्या?” आईने विचारले. “बसा. आता तुमीच सांगा तिला. मी लई सांगून बघितलं. मास्तर उगं मारत नसतेत म्हनलं. आयकतच नाय.” मग कापसात हात घालत म्हणाली, “तसं घरी बी उपेगाचीच हाय म्हना. पोराला सांभाळती, वेचायला येती. ऱ्हाऊ द्या आता, काय लई शिकून.”

मुलगी खाली बघत होती. मी तिला म्हणाले की तो कागद आमच्याकडून चुकीचा छापला गेला. तिथे शिक्षण असे पाहिजे होते. तिने मान हलवली. तिला पटले होते, पण तिचा प्रश्न तो नव्हता.

“मी चुकले नव्हते,” ती म्हणाली.

“तू बरोबर वाचलंस.”

“वाचन्याचं नाय म्हनत मी. मी कधीच चुकत नाय.” ती भराभर बोलू लागली. “चुकलं की पट्टी बसती. म्हनून मी चुकत नाय. येत असलं तरच बोलते. पैलीपासून मला एकदा बी बसली नाय. आन् तिथं लिवलंय प्रत्येक. मंग मी बिनचूक ऱ्हाऊन काय उपेग?”

गुरुजींनी सायकल भिंतीला टेकवली. आईने कापसातून हात काढला.

चार वर्षे ही मुलगी शाळेत कसे दिवस काढत होती, ते आम्हाला तेव्हा कळले. चूक केली तर मार बसतो, हे तिला मान्य होते. तो नियम तिने मुकाट्याने पाळला होता, पहारा करावा तसा. पोस्टरने तिचा तेवढाच आधार काढून घेतला होता.

मी तिची समजूत घालायला लागले. “कागद चुकीचा होता ना? मग झालं. तू चुकत नाहीस, म्हणजे तुला कुणी…”

“ताई, रुको,” चाचा म्हणाले.

ते अंगणात उकिडवे बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. काळी बोटे तिच्यासमोर धरली.

“बेटा, तो कागद मी छापला. या ताईंनी लिहिला. तुझ्या गुरुजींनी लावला. तिघांची चूक. आता सांग, आम्हाला किती पट्ट्या?”

तिने आधी त्यांच्या दाढीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग गुरुजींकडे पाहायचे टाळले.

“मोठ्यांना नसती.”

“का नसती?”

तिने भावाला दुसऱ्या कडेवर घेतले. आई हसली. “घ्या! आता बोल की.”

“मोठ्यांना…” ती म्हणाली, “मोठ्यांना म्हनायचं, नीट लिवा. पुन्यांदा लिवा.”

“बस?” चाचा म्हणाले.

“बस.”

“हे बघ, लिहून आणलंय.” त्यांनी पुडक्यातली एक चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ती वाचली. भावाने ती ओढली आणि तोंडात घालायला लागला. तिने त्याच्या मुठीतून ती सोडवली, फ्रॉकला पुसली. मग सरळ गुरुजींकडे वळली.

“मंग मी चुकले तर?”

आम्ही सगळे गुरुजींकडे पाहत होतो. त्यांनी टोपी काढली, परत घातली. ते काय म्हणतील याची मला खात्री नव्हती, आणि त्यांनाही असावी असे वाटले नाही. तीस वर्षांची सवय होती. खोटे बोलून वेळ मारून नेणे सोपे होते, पण ती मुलगी वाचायला हुशार होती.

“चुकलीस तर पुन्यांदा लिवायचं,” ते म्हणाले.

“आन् पट्टी?”

“पट्टी रेघा मारायला असती.”

“मारायचं काय सुटत नाय मास्तरांचं!” आई म्हणाली, आणि गुरुजींसकट सगळे हसले. मुलगी हसली नाही.

“समद्यांना?” तिने विचारले. “का नुसतं मला?”

गुरुजींना हे अवघड गेले. मला ते दिसत होते. भिंतीशी अंगठे धरून उभा राहणारा तो मुलगा बहुधा त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा.

“प्रत्येकाला,” ते शेवटी म्हणाले. “कुनालाच नाय मारायचं. चल आता. घंटा व्हायची येळ झाली.”

तिने भावाला आईच्या मांडीत ठेवले. आईने कापसाचा ढीग पायाने थोडा बाजूला केला, पोराला जागा व्हावी म्हणून.

त्या चिठ्ठ्या नंतर आम्ही सगळ्या जिल्ह्यांना पाठवल्या. किती शाळांनी त्या चिकटवल्या हे कुणालाच माहीत नाही. वर्षभराने दुसऱ्या एका तालुक्यात बातमीसाठी गेले असता एका शाळेत ते पोस्टर मूळ शब्दासह तसेच दिसले. मी ते उतरवून मागितले. तिथल्या बाईंनी आनंदाने दिले. भिंतीचा पोपडा झाकायला लावले होते, म्हणाल्या.

वस्तीवरच्या शाळेत मात्र त्या दुपारी चिठ्ठी लागली. चाचांनी ती मोजून चिकटवली. दोनच अक्षरांच्या जागेत तीन अक्षरे बसवायची म्हणून टायप थोडा अरुंद घेतला होता, त्यामुळे तो शब्द बाकीच्या ओळीत अंग चोरून उभा राहिल्यासारखा दिसत होता. आमची गाडी तासाभराने होती. गुरुजी म्हणाले, बसा की. आम्ही दाराशी सतरंजीवर बसलो.

गणिताचा तास सुरू झाला. चौथीला त्यांनी फळ्यावर गुणाकार दिला, सात गुणिले आठ, आणि कोण येतंय म्हणून विचारले. मुलीने हात वर केला. येत असले तरच ती हात वर करते, हे वर्गाला माहीत होते. कुणी विशेष लक्ष दिले नाही. ती फळ्याशी गेली, खडू घेतला आणि मोठ्या, स्वच्छ अक्षरात लिहिले: ५४.

मग ती तिथेच उभी राहिली, पाठ फळ्याला, तोंड गुरुजींकडे, दोन्ही हात बाजूला सरळ. तळवे उघडे.

वर्ग फळ्याकडे पाहू लागला. पहिलीची पोरेसुद्धा. माझ्या शेजारी चाचा सतरंजीवर पुढे सरकले.

गुरुजींनी फळ्याकडे पाहिले. “पूस,” ते म्हणाले. “पुन्यांदा लिव.”

तिने तळव्याने पुसले. क्षणभरही न थांबता लिहिले: ५६.

“बराबर.”

ती जागेवर गेली नाही. तिने छप्पन्न पुसले. खडू नीट धरला आणि पुन्हा लिहिले: ५४. आणि पुन्हा तशीच वळून उभी राहिली.

मागच्या भिंतीशी बसलेल्या मुलाने मान लांब करून पाहिले. गुरुजींच्या चेहऱ्यावर आधी राग आला. मग तो सावकाश उतरला. त्यांनी नाकातून एक लांब श्वास सोडला.

“आगं, कळलं मला,” ते म्हणाले. “बस आता.”

ती जाऊन बसली.